कानाने शिकलेली इंग्रजी

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे अमेरिकेतून फोन आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन तिकडे गेलेली. खुशाली झाली, फराळाची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, "गुरुजी, मी इथे संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाते. पण आता सोडीन म्हणते."

"का गं?"

"बाकीच्या बायका भराभर लिहून घेतात. मला अजून प्रत्येक शब्दाखाली मराठीत उच्चार लिहावा लागतो. शेजारणीला दिसू नये म्हणून वहीवर हात धरून बसते. तुम्ही त्याच्यावरूनच एकदा माझी वही फेकली होती ना!"

ती सहज बोलली. मला मात्र तोंडातला अनारसा गिळवेना. वही फेकल्याचे मला आठवतही नव्हते. पण फेकली असणार, यात शंका नाही. माझी स्वतःची इंग्रजी मॅट्रिकपाशी थांबलेली, आणि विद्या तोकडी असली की मास्तराचा आवाज चढतो. मी म्हटले, "इतक्यात सोडू नकोस. भाऊबीजेला मी फोन करतो. एक गोष्ट सांगायची आहे."

गोष्ट मांजिरोची. १८२७ साली जपानातल्या शिकोकू बेटावर, तोसा प्रांतातल्या एका कोळ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. बाप लवकर वारला. शाळेचे नाव नाही, अक्षरओळख नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गरिबाला आडनावसुद्धा नाही. १८४१ च्या जानेवारीत, चौदाव्या वर्षी, तो चौघांबरोबर होडीतून मासे धरायला गेला आणि वादळात सापडला. लाटांनी त्या पाचजणांना तोरिशिमा नावाच्या निर्जन बेटावर नेऊन टाकले. ज्वालामुखीचा काळा खडक आणि अल्बट्रॉस पक्षी, एवढेच तिथे होते. पाच महिने त्यांनी ते पक्षी खाऊन काढले. जूनच्या अखेरीस देवमाशांची शिकार करणारे 'जॉन हाउलंड' हे अमेरिकन जहाज तिकडे फिरकले आणि त्यांची सुटका झाली.

सुटका झाली खरी, पण घरी जाण्याची सोय नव्हती. जपानची दारे तेव्हा बंद होती. देश सोडून गेलेला माणूस परत आला, तर देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत होती. कॅप्टन विल्यम व्हिटफील्ड याने चौघांना होनोलुलूत उतरवले. हा पोरगा मात्र चलाख; जहाजावर दोऱ्यादोऱ्याचे नाव विचारीत हिंडे. कॅप्टनने त्याला आपल्याबरोबर घेतले आणि १८४३ च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन या आपल्या गावी आणले. खलाशांनी त्याचे नाव 'जॉन मंग' असे करून टाकले होते.

आता पुढचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सोळा वर्षांचा, समुद्राने रापलेला मुलगा धुळाक्षरे गिरवणाऱ्या चिमुरड्यांच्या वर्गात बसला आहे. त्याला कुठलीच भाषा लिहिता येत नव्हती. म्हणजे आयुष्यात त्याने पहिले अक्षर काढले ते परक्या भाषेतले! जेन अॅलन नावाच्या शेजारच्या शिक्षिकेने त्याला घरीही शिकवले. पुढे बार्टलेट यांच्या शाळेत तो गणित आणि नौकानयन शिकला.

मला या हकिकतीतला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रसंग शाळेतला नाही, चर्चमधला आहे. रविवारी कॅप्टन त्याला घेऊन आपल्या बाकावर बसला, तेव्हा मंडळींनी सुचवले की, या मुलाला काळ्या लोकांसाठी राखलेल्या जागी बसवावे. कॅप्टनने ते चर्चच सोडले. दुसरीकडे गेला, अखेर युनिटेरियन पंथाच्या चर्चने दोघांना एका बाकावर बसू दिले, तेव्हा तो तिथलाच झाला. मुलाला उत्तेजन द्यावे म्हणून त्याने एखादे भाषण केल्याचे मी कुठे वाचलेले नाही. त्याने बसायला जागा दिली. आम्ही मास्तर लोक "शाबास, प्रयत्न करा" हे फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहितो आणि मुलांच्या वह्या फेकतो.

मध्यंतरीची वर्षे मी भराभर सांगतो, नाहीतर कादंबरीच व्हायची. मांजिरो शिकारी जहाजावर पुन्हा सागरावर गेला. कॅप्टनला त्याने पाठवलेल्या पत्रांत स्पेलिंगच्या चुका भरपूर आहेत, पण म्हणून पत्रे लिहायचा तो थांबला नाही. कॅलिफोर्नियात सोने निघाल्याची हाक उठली तेव्हा तिकडे जाऊन त्याने परतीच्या वाटखर्चापुरते पैसे मिळवले आणि १८५१ साली जिवावर उदार होऊन ओकिनावाच्या किनाऱ्याला लागला. दीड वर्षाहून अधिक काळ चौकशा चालल्या. १८५२ साली तो आईला भेटला.

तोपर्यंत त्याची जपानी गंजली होती. त्याची जबानी लिहून घ्यायला कावादा शोर्यो नावाचा एक पंडित चित्रकार नेमला होता. त्याने मांजिरोला स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. दिवसा एक दुसऱ्याला जपानी शिकवी, दुसरा पहिल्याला इंग्रजी. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे भिंतींनाही कळले नसेल.

१८५३ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ जहाजांनी जपानचे दार ठोठावले, आणि इंग्रजी जाणणाऱ्या या कोळ्याच्या पोराला राजधानीत बोलावणे आले. तो सामुराई झाला. गावावरून 'नाकाहामा' हे आडनाव मिळाले. तरी प्रत्यक्ष वाटाघाटींत त्याला बसवले नाही. अमेरिकेचे मीठ खाल्लेला माणूस, कसा बोलेल कोण जाणे!

आणि १८५९ साली त्याने इंग्रजी संभाषणाचे एक छोटे पुस्तक काढले. इंग्रजी वाक्य, आणि त्याला जोडून जपानी अक्षरांत उच्चार! तोही स्पेलिंगवरून बसवलेला नव्हे. जहाजावर आणि फेअरहेवनच्या रस्त्यावर कानांवर जसा पडला तसा.

पुढच्याच वर्षी 'कानरिन मारू' या जपानी जहाजावर दुभाषा म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. बरोबर फुकुझावा युकिची होता. पुढे केइओ विद्यापीठ म्हणून गाजलेल्या संस्थेचा हा संस्थापक. त्याने ऐन तारुण्याची वर्षे डच भाषेवर घालवली होती; १८५९ साली योकोहामाच्या बाजारात गेला तर दुकानांवरच्या पाट्याही वाचता येईनात. दुसऱ्या दिवसापासून त्याने इंग्रजी मुळापासून सुरू केली. या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत वेबस्टरच्या शब्दकोशाची एकेक प्रत विकत घेतली.

१८७० साली सरकारी कामाने युरोपला जाताना मांजिरो न्यूयॉर्कला उतरला आणि वाट वाकडी करून फेअरहेवनला गेला. एकवीस वर्षांनी भेट. कॅप्टन पासष्टी ओलांडलेला. एक रात्र तो त्या घरी राहिला. रात्रभर ते काय बोलले असतील, ही कल्पना करायला माझ्यासारख्या कादंबरीवाल्याचे हात शिवशिवतात. पण ते असो.

भाऊबीजेला मी फोन करून हे सारे सांगितले. तिने मध्ये एकदाही हुंकार भरला नाही. मला वाटले, लाईनच तुटली. शेवटी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, त्याची वही छापली?"

"छापली."

"शब्दाखाली उच्चार लिहिलेली?"

"तशीच. आणि ती वही फेकली त्याबद्दल..."

"राहू द्या हो," ती म्हणाली. "पुढचा वर्ग गुरुवारी आहे. त्या कॅप्टनचं नाव काय म्हणालात? थांबा, लिहून घेते. सावकाश सांगा हं, मला मराठीतच लिहायचंय."