कतारचा दुसऱ्या गटाचा फुटबॉल : अल-रय्यान क्लबचा २०१४-१५चा हंगाम

आपल्यापैकी बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे किंवा होऊन आलेलं आहे. २०२२ साली कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या स्टेडियमचे फोटो आपल्या मोबाईलवर येत होते. पण त्या स्टेडियममध्ये एरवी कोण खेळतं, हे फारसं कोणी विचारत नाही. मला फुटबॉलचा नाद लहानपणापासून. मुंबईला कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपचे सामने बघत माझी पिढी वाढली. त्या नादापायी आखाती फुटबॉलचीही माहिती मी जमवत गेलो. त्यातली एका हंगामाची हकिगत इथे देत आहे. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांनीही जरूर वाचावी, कारण गोष्ट खेळाची असली तरी विषय पडण्याचा आणि उठण्याचा आहे.

देश आणि तिथला फुटबॉल

कतार हा देश आकाराने आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण दीडपट. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि एका बाजूला सौदी अरेबियाची जमीन. पूर्वी लोक मासेमारी आणि मोती काढण्याच्या धंद्यावर जगत. पुढे दुखान इथे तेल सापडलं आणि १९४९ पासून तेलाची निर्यात सुरू झाली. तेलाबरोबर परदेशी कामगार आले, आणि कामगारांबरोबर फुटबॉल आला. १९६० साली कतारची फुटबॉल संघटना स्थापन झाली. ३ सप्टेंबर १९७१ला देश स्वतंत्र झाला आणि १९७२-७३ पासून अधिकृत लीग सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी अल-इस्तिक्लाल हा क्लब विजेता ठरला. त्यालाच आज कतार स्पोर्ट्स क्लब म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

उन्हाळ्यात तिथे भर दुपारी घराबाहेर उभं राहणं मुश्कील. त्यामुळे हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत आटोपतो. म्हणूनच हंगामाला दोन वर्षांचं नाव असतं. २०१४-१५ म्हणजे २०१४ मध्ये सुरू झालेला आणि २०१५ मध्ये संपलेला.

वरचा गट आणि खालचा गट

आता दोन गट म्हणजे काय ते सांगतो. सगळे क्लब एकाच स्पर्धेत खेळत नाहीत. ताकदीचे क्लब वरच्या गटात, त्याला कतार स्टार्स लीग म्हणतात. उरलेले दुसऱ्या गटात. ज्या काळाची ही हकिगत आहे, त्या काळात दुसऱ्या गटाला कतारगॅस या कंपनीच्या नावाने कतारगॅस लीग म्हणत.

प्रत्येक क्लब गटातल्या दुसऱ्या प्रत्येक क्लबशी दोनदा खेळतो. २०१३-१४ मध्ये वरच्या गटात १४ क्लब होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २६ सामने आले. सामना जिंकला तर ३ गुण, बरोबरीत सुटला तर दोघांना एकेक, हरला तर काही नाही. वर्षाच्या शेवटी गुणांची बेरीज करून क्रम लावायचा. पहिला तो विजेता. आणि जे तळाला राहिले ते पुढच्या वर्षी खालच्या गटात. त्यांच्या जागी खालच्या गटातले पहिले क्लब वर येतात.

आपण ज्यांनी रेल्वेत, गोदीत, सरकारी कचेरीत नोकऱ्या केल्या, त्यांना हे लगेच कळेल. ही बढती आणि पदावनतीच आहे. फरक एवढाच की इथे साहेबाची मर्जी चालत नाही, वशिला चालत नाही. नावाजलेला क्लब असला तरी गुण कमी पडले की खाली जायचं.

अल-रय्यान कसा घसरला

अल-रय्यान हा १९६७ सालचा जुना क्लब. राजधानी दोह्याच्या पश्चिमेला लागूनच रय्यान शहर आहे, तिथला. लाल आणि काळा हे त्यांचे रंग. चाहता वर्ग मोठा आणि गजबज करणारा. १९७५-७६ पासून १९९४-९५ पर्यंत या क्लबने सात वेळा लीग जिंकली होती. त्यानंतर मात्र लीगचं विजेतेपद हुलकावणी देत राहिलं.

तरी क्लब काही कमजोर नव्हता. कतारमध्ये लीगशिवाय अमीर कप नावाची बाद फेरीची मानाची स्पर्धा असते. २०१० आणि २०११ मध्ये तो कप अल-रय्यानने जिंकला. २०१३ मध्ये अंतिम सामन्यात अल-सद्दसारख्या तगड्या क्लबला २-१ असं हरवून परत जिंकला. २०१४ मध्ये तर आशियातल्या निवडक क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्येही तो खेळत होता. इराण, सौदी आणि अमिरातीच्या क्लबांशी सामने चालू होते.

आणि त्याच हंगामात घरच्या लीगमध्ये अल-रय्यान शेवटच्या दोन क्लबांत आला. मुऐथर हा छोटा क्लब आणि हा, असे दोघे खाली गेले. वर्षभरापूर्वी अमीराच्या हस्ते कप घेतलेला संघ दुसऱ्या गटात जाऊन पडला! बाद फेरीच्या स्पर्धेत चार-पाच चांगल्या संध्याकाळी पुरतात. लीगमध्ये मात्र प्रत्येक आठवड्याचा हिशोब होतो, आणि हरलेले सामने एकावर एक साचत जातात.

२०१४-१५ : खालच्या गटातलं वर्ष

खालच्या गटात अल-रय्यानसमोर मिसैमीर, अल-मरखिया, मुऐथर असे क्लब होते. यांची नावं आपण तर सोडाच, कतारमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनीही क्वचितच ऐकलेली असतील. दुसऱ्या गटात क्लब थोडे, प्रेक्षक थोडे, वर्तमानपत्रात बातमी चार ओळींची.

मोठ्या क्लबाला अशा ठिकाणी खेळणं वाटतं तितकं सोपं नसतं. समोरचा छोटा क्लब वर्षातला सगळा जोर याच एका सामन्यासाठी राखून ठेवतो. मोठा जिंकला तर लोक म्हणतात त्यात काय विशेष, आणि हरला तर महिनाभर चर्चा. खालच्या गटातलं दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा कठीण असतं, कारण चांगले खेळाडू थांबत नाहीत आणि पैसा देणारे दुसरीकडे वळतात. म्हणून एका वर्षात परत वर येणं हेच त्या हंगामाचं खरं काम होतं.

अल-रय्यानने ते केलं. दुसऱ्या गटात पहिला आला आणि वर गेला. त्याच्याबरोबर मिसैमीर क्लबही वर गेला. त्यांच्या जागी वरून कोण खाली आलं, तर अल-शहानिया आणि अल-शमाल. हे दोघे वर्षभरापूर्वीच मोठ्या आनंदाने वर चढले होते. म्हणजे एकाच वर्षात एका जोडीचा जिना चढून झाला आणि दुसरीचा उतरून.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. अल-रय्यानचं घरचं मैदान म्हणजे अहमद बिन अली स्टेडियम. विश्वचषकासाठी तिथे नवं बांधायचं म्हणून जुनं स्टेडियम २०१५ मध्ये पाडलं. म्हणजे क्लब वर आला खरा, पण स्वतःचं घर नसताना. पुढची काही वर्षं दुसऱ्यांच्या मैदानावर पाहुण्यासारखं राहावं लागलं.

२०१५-१६ : पुढे काय झालं

वर आल्यावर क्लबने उरुग्वेचे होर्हे फोसाती यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. याच गृहस्थांनी २०११ मध्ये अल-सद्दला आशियाचा विजेता केलं होतं. स्पेनचा सर्जिओ गार्सिया, पॅराग्वेचा व्हिक्टर कासेरेस, दक्षिण कोरियाचा को म्योंग-जिन असे खेळाडू आले. उरुग्वेत जन्मलेला पण कतारकडून शंभरावर सामने खेळलेला सेबास्टियन सोरियाही आला.

वर आल्याच्या पहिल्याच वर्षी, २०१५-१६ मध्ये, अल-रय्यानने लीग जिंकली. आठवं विजेतेपद, आणि तेही २१ वर्षांनी. ज्या पोराने १९९५ मध्ये बापाच्या खांद्यावर बसून विजय बघितला असेल, तो आता स्वतःच्या पोराला खांद्यावर घेण्याच्या वयाचा झाला होता.

त्याच्याबरोबर वर आलेला मिसैमीर मात्र टिकला नाही, वर्षभरात परत खाली गेला. आणि त्याच्यासोबत खाली कोण गेलं? कतार स्पोर्ट्स क्लब. १९७२-७३ची पहिली अधिकृत लीग जिंकणारा तोच जुना क्लब. पुढे २०१७ मध्ये तोही परत वर आला.

दुसऱ्या गटातून आलेले आणखी काही

असं करणारा अल-रय्यान एकटा नाही. लेखविया हा अंतर्गत सुरक्षा दलाचा क्लब २००९-१० मध्ये दुसऱ्या गटात पहिला आला आणि २०१०-११ मध्ये वरच्या गटातल्या पदार्पणातच विजेता झाला. २०१७ मध्ये त्याच्यात अल-जैश, म्हणजे सैन्याचा क्लब, विलीन झाला आणि अल-दुहैल हे नवं नाव मिळालं.

अल-वक्रा क्लब २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं दुसऱ्या गटात होता. त्याच काळात त्यांच्या गावात अल-जनूब हे झाहा हदीद यांनी आराखडा केलेलं नवं स्टेडियम उभं राहत होतं. १६ मे २०१९ला ते खुलं झालं, आणि त्याच वर्षी क्लबही वर आला.

अल-खोरची कथा आणखी वेगळी. २० नोव्हेंबर २०२२ला विश्वचषकाचा पहिला सामना, कतार विरुद्ध इक्वाडोर, अल-खोर शहरातल्या अल-बैत स्टेडियममध्ये झाला. सगळ्या जगाचे डोळे त्या शहरावर होते. पण त्या शहराचा स्वतःचा अल-खोर क्लब तेव्हा दुसऱ्या गटात खेळत होता. तो २०२४ मध्ये वर आला.

आपल्या ओळखीच्या जागा

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना अशी गोष्ट नवीन वाटणार नाही. हापोएल बेर शेवा हा क्लब २००५ मध्ये खालच्या गटात गेला आणि २००९ मध्ये परत वर आला. १९७६ नंतर ४० वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, तो इस्रायलचा विजेता झाला. बरोबर ज्या वर्षी अल-रय्यान कतारचा विजेता झाला, त्याच वर्षी. आणि इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी या क्लबने दुसऱ्या गटातून वर आल्यावर दोनच वर्षांत लीग जिंकली, तीही २०१५-१६ मध्येच.

आता आपल्या मुंबईकडे बघा. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. १९५० ते १९५४ अशी पाच वर्षं ओळीने हैदराबादच्या पोलीस संघाने तो नेला, हे आमचे वडीलधारे कौतुकाने सांगायचे. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र असे कंपन्यांचे संघ होते. महिंद्र युनायटेड तर २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला. रोव्हर्स कपही या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. भारतात २०१४ पासून सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या दहा हंगामांत तळाच्या क्लबाला खाली उतरवण्याची पद्धतच नव्हती. खालून वर येण्याचा रस्ता २०२३ मध्ये उघडला. त्या वर्षी पंजाब एफसी हा आय-लीगचा विजेता वर गेला.

मला वाटतं मुद्दा इथेच आहे. खाली जाणं लाजिरवाणं वाटतं, पण खाली जाणारा क्लब संपत नाही. त्याचं नाव, त्याचे रंग, त्याची माणसं शिल्लक राहतात, आणि पुढच्या वर्षी वर येण्याची शिडी त्याच्यासमोर उभी असते. आमच्या मुंबईच्या कंपनी संघांना खालच्या गटातही जाता आलं नाही. मालकाने एक दिवस दार लावलं आणि खेळाडू, चाहते सगळेच रस्त्यावर आले. अल-रय्यानच्या माणसांनी वर्षभर छोट्या क्लबांशी खेळण्याची नामुष्की सोसली, पण त्यांना ती सोसण्याची संधी तरी होती.

जाता जाता दोन गोष्टी. अल-रय्यानला शेवटी नवं घर मिळालं. १८ डिसेंबर २०२०ला नवं अहमद बिन अली स्टेडियम अमीर कपच्या अंतिम सामन्याने खुलं झालं, आणि दोन वर्षांनी तिथेच विश्वचषकात अर्जेंटिनाने ऑस्ट्रेलियाला हरवलं. आणि आपल्या भारतानेही कतारमध्ये एक संध्याकाळ गाजवली आहे. १० सप्टेंबर २०१९ला दोह्यात, अल-सद्दच्या मैदानावर, त्या वर्षीच्या आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० असं रोखलं. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूने त्या दिवशी कमाल केली होती.

आपल्या समाजातल्या कोणी पूर्वी मुंबईच्या गिरणी, गोदी किंवा रेल्वेच्या संघातून फुटबॉल खेळला असेल, तर त्यांच्या आठवणी घरच्यांनी आत्ताच लिहून ठेवाव्यात. त्यातले बरेच संघ आता उरले नाहीत, सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.