समुद्रांतून बाजारापर्यंत : मासळी राखण्याच्या युक्त्यांचा इतिहास

श्रोतेहो, भाईंदर स्टेशनाहून पश्चिमेस निघालें, म्हणजे रस्ता उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांकडे जातो. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र. १५३४ सालीं हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली तेव्हां मराठ्यांकडे आला. पुढें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. आणि २००२ पासून तो मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतो. राज्यें बदललीं, परंतु येथील कोळ्यापुढील एक प्रश्न कायम राहिला : जाळ्यांत आलेली मासळी गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत चांगली राखावी कशी?

हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नव्हे. शेतकऱ्याचें धान्य कणगींत राहतें, म्हणून भाव येईपर्यंत तो थोडा तरी थांबूं शकतो. मासळी थांबत नाहीं. सकाळचा माल संध्याकाळीं कवडीमोल होणार, हें होडी किनाऱ्यास लागतांच दलालालाही ठाऊक असतें. ज्याला थांबतां येत नाहीं, त्याला दुसऱ्यानें सांगितलेला भाव घ्यावा लागतो. म्हणून मासळी राखण्याचा इतिहास हा एका अर्थीं कोळ्याच्या स्वातंत्र्याचाच इतिहास आहे.

मासळी राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ती मरूंच न देणें. हा विचार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ऑप्टेटस नांवाच्या रोमन आरमाराच्या अधिकाऱ्यानें पूर्वेकडील समुद्रांतून एका जातीचे मासे जिवंत आणून इटलीच्या किनाऱ्याजवळ सोडले, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. पुढें हॉलंडांतील कोळ्यांनीं होडीच्या पोटांतच पाण्याची कोठी करण्याची रीत रूढ केली, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं ती इंग्लंडांत हॅरिच बंदरीं आली. होडीच्या मध्यभागीं दोन पक्क्या आडव्या भिंती घालीत व त्यांच्यामधील तळाच्या फळ्यांस छिद्रें पाडीत. छिद्रांतून समुद्राचें पाणी आंत-बाहेर खेळे. भिंतींमुळें बाकीची होडी कोरडी राही. खोल पाण्यांतून वर ओढलेल्या कॉड माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुगे व तो उताणा तरंगूं लागे. तेव्हां सुईनें ती टोंचून हवा काढून टाकीत. थेम्स नदींत फार वर गेल्यास गोड्या पाण्यानें मासे मरत, म्हणून होड्या ग्रेव्हझेंडपाशींच थांबत. बंदरांत मासे तरंगत्या लांकडी पेट्यांत ठेवून बाजार पाहून बाहेर काढीत. येथें कोळ्याला थांबतां आलें!

मग अशी कोठी उत्तनच्या होडींत कां रुळली नाहीं? आमचे लोक मागासलेले होते म्हणून, असें कोणी म्हणेल तर तें उत्तर खोटें आहे. मासा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. उष्णमान दहा अंश असतां समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर तो सहाच्या आसपास येतो. उलट उष्णमान दहा अंशांनीं वाढलें, कीं माशाची प्राणवायूची गरज अदमासें दुप्पट होते. जमा कमी आणि खर्च जास्त, असा हा हिशेब. जी कोठी उत्तर समुद्राच्या थंड पाण्यांत चालली, तिच्यांत आमच्या उन्हाळ्यांत दाटीनें भरलेले मासे गुदमरतील.

दुसरें कारण जाळ्याचें. येथील डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहांत तोंड उघडें ठेवून बांधलेली जाळ्याची लांब पिशवी. प्रवाहाबरोबर आलेली मासळी तिच्या टोंकाशीं दाटते. बोंबील तर इतका मऊ कीं त्याच्या अंगांत शेंकडा सुमारें नव्वद भाग पाणीच. जाळें वर येईपर्यंत तो मेलेला किंवा मरणोन्मुख असतो. त्याला जिवंत ठेवण्याची गोष्टच नको.

तेव्हां येथील लोकांनीं उलट वाट धरिली. जें पाणी मासा लवकर नासवतें, तेंच काढून टाकलें. बांबू रोवून दोऱ्या ताणल्या, कीं झाली वलांडी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते तिच्यावर टांगावयाचे. ऊन आणि वारा बाकीचें काम करितात. खाऱ्या मासळीस लागणारें मीठ भाईंदरच्या मिठागरांत जवळच पिके. पावसाळ्यांत होड्या ओढून ठेविल्या, तरी सुका बोंबील घरांत असे व बाजारांतही जाई. पाण्याच्या कोठीनें हॅरिचच्या कोळ्यास जें बळ दिलें, तेंच उत्तनच्या बायकांनीं उन्हाकडून मिळविलें. खाडींतली चिंबोरी तेवढी वेगळी. नांग्या बांधून ओल्या गोणपाटांत ठेविली, तर कल्ले ओले आहेत तोंवर ती पाण्यावांचूनही जगते. म्हणून ती बाजारांत जिवंत विकली जाते.

मात्र उष्ण समुद्रांत होडींतील कोठी अशक्य आहे असेंही नाहीं. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटाचे लोक ट्यूना मासा गळानें धरितात. त्यासाठीं प्रथम उथळ पाण्यांतील बारीक मासे आमिष म्हणून पकडतात. होडीच्या तळाशीं भोंकें असतात. त्यांतून पाणी आंत येतें, आणि जुन्या होड्यांत माणसें तें सारखें उपसून बाहेर टाकीत. या अखंड श्रमानें पाणी ताजें राही. ट्यूनाचा थवा दिसतांच तीं जिवंत पिलें समुद्रांत फेंकतात आणि पाणी उडवितात. थवा होडीभोंवतीं जमतो व गळास लागतो. आमिष कांहीं तासच जगवावयाचें असतें, म्हणून ही युक्ति साधते. पकडलेला मासा मात्र शिजवून, धुरी देऊन सुकवितात. शेजारच्या मालदीव बेटांतील असा सुका मासा हिंदुस्थान, चीन व येमेन येथें जातो, असें इब्न बतूतानें चौदाव्या शतकांत नमूद केलें आहे.

युरोपांतील त्या कोठ्या अखेर बर्फानें मोडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅम्युएल ह्यूइट यानें लंडनजवळील बार्किंग येथें पाणी भरलेल्या शेतांवरचा बर्फ जमवून होड्यांत नेण्यास आरंभ केला. आमच्याकडे १८३३ सालीं कलकत्त्यास अमेरिकेहून बर्फाचें जहाज आलें, तें साहेबांच्या पेयांसाठीं. कोळ्याच्या होडीस बर्फ मिळावयास पुढें फार काळ लोटला. आज उत्तनच्या यांत्रिक होड्या बर्फ घेऊन दूरच्या समुद्रांत दिवसचे दिवस राहतात.

परंतु श्रोतेहो, एक भेद ध्यानांत ठेवावा. ऊन फुकट होतें; बर्फ आणि तेल विकत घ्यावें लागतें, आणि तेंही मासळी हातीं येण्यापूर्वीं. ज्याच्या पैशानें बर्फ आला, त्याच्याच दारीं मासळी न्यावी लागली, तर थांबण्याचें बळ पुन्हां दुसऱ्याच्या हातीं गेलें. म्हणून कोळ्यांच्या सहकारी संस्थांचें स्वतःचें बर्फघर ही लहान गोष्ट नव्हे. बाजारांत ताज्या पापलेटाचा भाव करितांना आपण माशाचे कल्ले पाहतों. त्या ताजेपणाचा पैसा कोणाच्या पदरीं पडतो, हेंही कधीं विचारावें.