इको-चॅलेंज : टीव्हीवरची जंगलातली शर्यत संपली आणि खेळाडू तापाने फणफणायला लागले

सप्टेंबर २००० चे पहिले दहा-बारा दिवस. लंडन, लॉस एंजेलिस आणि अमेरिकेतलं आयडाहो राज्य. तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांकडे जवळपास एकाच वेळी काही पेशंट आले. ताप, हुडहुडी, डोकं फुटायची वेळ, अंग ठणकतंय. विशेष म्हणजे पेशंट एकदम धडधाकट. रोज पळणारे, पोहणारे, डोंगर चढणारे.

डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे कुठे जाऊन आलात?"

सगळ्यांचं उत्तर एकच. बोर्निओ.

बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या साबा राज्यात नुकतीच एक शर्यत संपली होती. नाव, इको-चॅलेंज. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात शिरायचं, ठरलेली ठिकाणं शोधत शोधत शेवट गाठायचा आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. आज ओटीटीवर जंगलात टीम सोडून देणारे जे रिॲलिटी शो दिसतात, त्यातल्या बऱ्याच शोचं मूळ या शर्यतीत सापडतं.

तर ही शर्यत नेमकी काय होती, ती कुणी काढली आणि त्या तापाचं पुढे काय झालं?

आधी हेलिकॉप्टर होतं

टीव्हीवर खजिना शोधायची आयडिया फ्रेंचांची. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये 'ला शास ओ त्रेझोर' नावाचा शो सुरू झाला. नावाचा अर्थच खजिन्याचा शोध. स्पर्धक स्टुडिओत बसायचे, समोर नकाशे आणि पुस्तकं. ते कोडी सोडवायचे आणि हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या सूत्रसंचालकाला सांगायचे, आता डावीकडे जा, त्या देवळापाशी उतर. धावपळ सगळी त्याची. ब्रिटनच्या चॅनल ४ ने १९८२ मध्ये याचीच इंग्रजी आवृत्ती आणली, ती तिकडे तुफान चालली.

म्हणजे काय, तर स्पर्धक एसीत आणि घाम दुसऱ्याचा. घराघरात बसून बघायला मजा यायची, पण जंगल हे फक्त मागचं दृश्य होतं.

हे चित्र बदललं १९८९ मध्ये. जेरार फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराने न्यूझीलंडमध्ये 'रेड गोलुआझ' नावाची शर्यत भरवली. गोलुआझ हा सिगारेटचा ब्रँड, तोच स्पॉन्सर. फुप्फुसांची परीक्षा घेणाऱ्या शर्यतीला सिगारेट कंपनीचं नाव, यातली गंमत तेव्हा कुणाला खटकली नसावी. इथे स्टुडिओ नव्हता. अख्ख्या टीमने स्वतः चालायचं, वल्हवायचं, चढायचं आणि सगळ्यांनी मिळून शेवट गाठायचा.

नोकरी मुलं सांभाळायची, डोक्यात टीव्ही

आता एन्ट्री मार्क बर्नेटची. हा गडी ब्रिटिश सैन्यात पॅराट्रूपर होता. १९८२ मध्ये अमेरिकेला गेला. तिथे श्रीमंतांच्या घरी मुलं सांभाळायची नोकरी केली, मग व्हेनिस बीचवर टी-शर्ट विकले. १९९१ मध्ये त्याने पेपरात रेड गोलुआझबद्दल वाचलं आणि स्वतः टीम घेऊन त्या शर्यतीत उतरला. पळता पळता त्याला एक गोष्ट कळली. खरी कमाई जिंकण्यात नाही, ही शर्यत टीव्हीला विकण्यात आहे.

१९९५ मध्ये त्याने अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात पहिली इको-चॅलेंज भरवली. नावात 'इको' असूनही पहिला विरोध पर्यावरणवाद्यांनीच केला. एवढी माणसं, गाड्या आणि कॅमेरे नाजूक वाळवंटात घुसले तर तिथल्या जंगली मेंढ्यांचं काय, असा त्यांचा सवाल होता. शर्यत झालीच. पण जंगलाची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न या प्रकाराला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, मोरोक्को, अर्जेंटिना असं करत ही शर्यत दरवर्षी देश बदलत गेली आणि डिस्कव्हरी चॅनलमुळे जगभर पोचली.

खेळ कसा असतो?

एका टीममध्ये चार जण, त्यात स्त्री-पुरुष दोन्ही हवेत. सुरुवातीच्या काही वर्षांत पाच असायचे. शर्यतीच्या तोंडावर नकाशे हातात पडतात. त्यावर चेकपॉइंट असतात, ते क्रमाने गाठायचे. मधला रस्ता मात्र कुणी आखून देत नाही. नदीकाठाने लांबचा फेरा मारायचा की डोंगर चढून सरळ उतरायचं, हे टीमने ठरवायचं. मोबाइल आणि जीपीएस बंद.

झोपेची वेळ ठरलेली नसते. घड्याळ रात्रीही चालूच असतं, त्यामुळे जो कमी झोपेल तो पुढे जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तिसऱ्या रात्रीनंतर लोकांना भास व्हायला लागतात. झाडात माणसं दिसतात, दगडात कुत्रे दिसतात. अशा वेळी ज्याच्या हातात नकाशा असतो, त्याने एक ओढा चुकीचा ओळखला तर अख्खी टीम पाच तास उलट्या दिशेला. त्यामुळे पायाने सगळ्यात वेगवान असलेली टीम जिंकेलच असं नाही. बऱ्याचदा नीट झोपून, न भांडता, नकाशा बरोबर वाचणारी टीम पुढे जाते.

आणि सगळ्यात कडक नियम हा की चौघांनी एकत्र संपवायचं. एक जण बाद झाला की टीम क्रमवारीतून बाद. टीव्हीसाठी हा नियम सोन्यासारखा आहे, कारण खरं नाट्य इथेच घडतं. ज्याचा पाय सुजलाय तो कबूल करत नाही, बाकीच्यांना दिसतंय पण कुणी बोलत नाही. दुसऱ्याची सॅक गुपचूप आपल्या पाठीवर घेणं ही या खेळातली फार मोठी गोष्ट समजली जाते.

सेगामा नदी

२० ऑगस्ट २००० ला साबामध्ये ७६ टीम, म्हणजे ३०४ खेळाडू, निघाले. योगायोग असा की याच साबाच्या किनाऱ्याजवळच्या पुलाउ तिगा बेटावर काही महिन्यांपूर्वी बर्नेटने 'सर्व्हायव्हर'चा पहिला सीझन शूट केला होता. त्याचा शेवटचा भाग अमेरिकेत २३ ऑगस्टला दाखवला गेला. पाच कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला. रिॲलिटी टीव्हीचा जमाना सुरू होत होता, तेव्हाच हे ३०४ जण बोर्निओच्या चिखलात होते.

वाटेत घनदाट जंगल, गुहा, समुद्र आणि सेगामा नदी. या नदीत खेळाडूंनी कयाक चालवल्या आणि तासन्‌तास पोहले. अंगावर काटेरी वेलींचे ओरखडे, पाय भिजून भिजून सोललेले. पाणी नाकातोंडात जातच होतं.

पुढची गोष्ट मुंबईकरांना आणि कोकणातल्या लोकांना वेगळी सांगायला नको. आजार होता लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडे ज्याला नुसतं 'लेप्टो' म्हणतात, तोच. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंडातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, तीही याच मार्गाने.

लक्षणं दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात. म्हणजे शर्यत संपवून, पदक गळ्यात घालून, विमानाने घरी पोचल्यावर ताप येणार. तोवर खेळाडू जगभर पांगलेले. एखाद्या डॉक्टरला एकच पेशंट दिसला असता तर 'व्हायरल आहे' म्हणून सोडून दिलं असतं. पण प्रवाशांच्या आजारांवर नजर ठेवणाऱ्या 'जिओसेंटिनल' या डॉक्टरांच्या नेटवर्कमुळे आणि दोन अमेरिकन आरोग्य विभागांच्या कळवण्यामुळे धागा जुळला. अमेरिकेच्या सीडीसीने खेळाडूंना शोधून फोन लावायला सुरुवात केली.

१८९ जणांशी संपर्क झाला. त्यातल्या ८० जणांमध्ये, म्हणजे ४२ टक्क्यांमध्ये, लेप्टोशी जुळणारा आजार आढळला. २९ जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं. मृत्यू एकही नाही. कुठे लागण झाली असेल याचा हिशेब मांडला तेव्हा बोट एकाच ठिकाणी गेलं, सेगामा नदीत पोहणं.

तपासातली अजून एक गोष्ट. काही खेळाडूंनी आधीच डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक घेतलं होतं. त्यांच्यात आजार कमी दिसला. संख्या लहान असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही, पण मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना महापालिकेचे डॉक्टर हेच औषध देतात. ते मनाने घ्यायचं नसतं, डॉक्टरला विचारूनच.

या शर्यतीचा एपिसोड पाहिला तर प्रेक्षकाला धबधबे दिसतात, दोरावर लटकणारी माणसं दिसतात. ज्या पाण्याने सगळ्यात जास्त लोकांना आडवं केलं, ते दिसायला अगदी साधं होतं.

बंद पडली आणि परत आली

२००२ मध्ये फिजीची शर्यत झाली आणि इको-चॅलेंज थांबली. बर्नेटचं दुकान तोवर 'सर्व्हायव्हर'वर जोरात चालू होतं, पुढे 'द अप्रेंटिस'ही आला. बाकी शर्यती चालू राहिल्या आणि जोखीमही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या 'प्रायमल क्वेस्ट'मध्ये नायजेल आयलॉट हा ऑस्ट्रेलियन खेळाडू डोंगरावरून कोसळलेल्या दगडाने जागीच गेला.

इको-चॅलेंज परत आली ती २०१९ मध्ये, पुन्हा फिजीत. ३० देशांच्या ६६ टीम, ६७१ किलोमीटर, ११ दिवस आणि सूत्रसंचालक बेअर ग्रिल्स. २०२० च्या ऑगस्टमध्ये ती ॲमेझॉन प्राइमवर आली आणि लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेल्या लोकांनी ती बघितली. जिंकली न्यूझीलंडची टीम, बक्षीस एक लाख डॉलर.

भारतीयांसाठी खास म्हणजे यात 'खुखरी वॉरियर्स' ही आपली टीम होती. एव्हरेस्ट चढणाऱ्या जगातल्या पहिल्या जुळ्या बहिणी, ताशी आणि नुंग्शी मलिक, या टीममध्ये होत्या. आणि ज्याने डोळ्यांत पाणी आणलं तो होता अमेरिकेचा मार्क मेसी. पहिल्या इको-चॅलेंजपासूनचा जुना खेळाडू, आता अल्झायमर झालेला. मुलगा ट्रॅव्हिस त्याच्यासोबत त्याच टीममध्ये. वाट विसरण्याचा आजार झालेला माणूस वाट शोधायच्या शर्यतीत उतरला होता.

या सीझनमध्येही कॅमेऱ्यात नीट पकडता येत नाही अशा गोष्टीनेच घात केला. फिजी म्हणजे उष्ण कटिबंध, पण डोंगरातल्या घळीतलं थंडगार पाणी आणि रात्रीचा पाऊस यामुळे खेळाडू हायपोथर्मियाने थरथरत होते.

महाराष्ट्रातही हा प्रकार अगदीच नवा नाही. पुण्याजवळ सह्याद्रीत भरत आलेल्या 'एन्ड्युरो ३'मध्ये तिघांची टीम चालणं, सायकल, नदी असं सगळं मिळून पार करते. टीव्हीचा झगमगाट नाही, पण ओढे आणि चिखल आपलेच.

आणि तो पक्षी

जुलै २०२४ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेत आला. अमेरिकन शो, 'रेस टू सर्व्हाइव्ह : न्यूझीलंड'. दोघादोघांच्या नऊ जोड्या, बक्षीस पाच लाख डॉलर आणि पोटाला कायम चिमटा. एका जोडीला भूक असह्य झाली. त्यांनी एक वेका पक्षी पकडला, मारला आणि खाल्ला.

वेका हा न्यूझीलंडचा, उडता न येणारा, कोंबडीएवढा पक्षी. पूर्वी माओरी लोकांच्या आहारात तो होता, चॅथम बेटांवर आजही त्याची शिकार कायदेशीर आहे. पण दक्षिण बेटावर, जिथे शूटिंग चालू होतं, तिथे तो संरक्षित आहे. शोच्या नियमातही संरक्षित प्राण्याला हात लावायचा नव्हता. जोडी बाद झाली.

तिथल्या संवर्धन विभागाने चौकशी केली. खेळाडू थकलेले आणि भुकेने बेजार होते हे लक्षात घेऊन खटला भरला नाही, लेखी ताकीद दिली. पण ताकीद एकट्या खेळाडूंना नव्हती, शो बनवणाऱ्या कंपनीलाही होती. आपल्या शोमधल्या माणसांच्या वागण्याची अंतिम जबाबदारी कंपनीची आहे, असं विभागाने बजावलं. दोघांपैकी एकाने नंतर मान्य केलं की ती मूर्खपणाची चूक होती.

न्यूझीलंडमध्ये ट्रेकिंग करणाऱ्यांना वेका माहीत असतो तो वेगळ्याच कारणाने. तंबूजवळ येऊन खाऊ, चमचे, जे चकाकेल ते पळवण्यात तो पटाईत असतो.