कोणती ‘कट्यार’ पाहावी?

‘सर, संगीत नाटक म्हणजे काय ते मुलांना घरी दाखवायचंय. ‘कट्यार’ लावू का?’ असं पालक विचारतात. ‘कट्यार’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर 2015 सालचा चित्रपट असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : चित्रपट जरूर पाहा, पण शेवटी. आधी रंगमंचावरची ‘कट्यार काळजात घुसली’ ऐका, जमल्यास पाहा. असं का म्हणतो, ते सांगायला थोडा इतिहास उलगडावा लागेल. आणि हा इतिहास आपल्याशी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुसलमानांशी, आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जवळून जोडलेला आहे.

आधी घरीच का पाहायचं, तेही सांगतो. बोईसर-तारापूरच्या माणसाला संगीत नाटकाचा प्रयोग गाठायचा तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन. रात्रीचा प्रयोग संपल्यावर विरारच्या पुढे गाड्या विरळ होतात. कारखान्यात सकाळची पाळी असणाऱ्याला हे परवडत नाही. शिवाय मोठ्या संचाची संगीत नाटकं आता फार कमी लागतात. तेव्हा आपल्या वाट्याला येतं ते मुद्रण, मग ते मोबाईलवर असो की टीव्हीवर. मुद्रण निवडताना आपण फक्त मनोरंजन निवडत नाही, गोष्ट कोणाच्या बाजूने ऐकायची हेही निवडतो.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्रामपूर नावाचं संस्थान. तिथे गायनाचा मुकाबला होतो. जिंकणारा राजगायक होतो, त्याला हवेली मिळते आणि एक कट्यारही मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर हे आधीचे राजगायक. खाँसाहेब आफताब हुसेन वर्षानुवर्षे हरत आलेले, आणि अखेर जिंकलेले. मग सदाशिव नावाचा तरुण येतो. त्याला पंडितजींकडे शिकायचं असतं, पण पंडितजी निघून गेलेले असतात. तो खाँसाहेबांची विद्या लपूनछपून उचलतो. घराण्याची विद्या ‘चोरणारा’ हा शागीर्द आणि हातात माफीची कट्यार असलेला उस्ताद समोरासमोर येतात, तिथे नाटकाचा पेच आहे.

चित्रपट पाहून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारलं होतं, ‘सर, पंडितजी चांगले आणि खाँसाहेब वाईट, असंच का?’ मूल सरळ विचारतं. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. उत्तरासाठी मागे जावं लागतं.

मराठी नाटकाचा आरंभ 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’ने झाला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्या नाटकांतही गाणं होतं, पण पदं मुख्यतः सूत्रधार म्हणायचा. पात्रं नाचत, लढत, आयत्या वेळी सुचेल तसं बोलत. त्यानंतर दहाएक वर्षांनी, 1853 च्या सुमारास, लखनौत आगा हसन ‘अमानत’ यांनी ‘इंदर सभा’ लिहिली. हे उर्दूतलं संगीत नाटक. इंद्राचा दरबार, सब्ज परी आणि तिचा लाडका शहजादा गुलफाम. गज़ल, ठुमरी, होरी, छंद असं सगळं त्यात आलं, आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. इंद्र हिंदूंचा, परी इराणी किश्श्यांमधली, जबान उर्दू. या मिसळीचं त्या काळी कोणाला नवल वाटलं नाही. पुढे मुंबईच्या पारशी कंपन्यांनी ‘इंदर सभा’ गावोगाव नेली. फ्रीडरिश रोझेन या जर्मन विद्वानाने 1892 मध्ये तिचं जर्मन भाषांतर छापलं, आणि 1932 मध्ये मादन थिएटर्सने तिच्यावर बोलपट काढला. त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती.

मराठी नाट्येतिहासात सांगितलं जातं की अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचा असाच एक उर्दू संगीत प्रयोग पाहिला आणि मराठीत असं काही करावं हे त्यांच्या मनाने घेतलं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. कथा कालिदासाची, भाषा मराठी. पण जो बोलतो तोच गातो, या रीतीमागे उर्दू रंगभूमीचा धडा होता. ही रीत लक्षात ठेवा, कारण मुद्रण निवडताना ती पुन्हा कामाला येणार आहे.

पुढची गोष्ट उस्तादांची. 1916 च्या ‘स्वयंवर’चं संगीत भास्करबुवा बखल्यांचं. हे बुवा बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले. बालगंधर्वांना गाणं शिकवलं ते भास्करबुवांनी. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा जमाना अजून सरला नव्हता, तेव्हा त्या मराठी संगीत नाटकात स्वतः उभ्या राहिल्या. यातलं एकही नाव ‘पाहुणा’ म्हणून आलेलं नाही. घराच्या भिंतीच यांनी उभारल्या.

आता 1967 वर येऊ. त्या वर्षीच्या जुलैमध्ये बालगंधर्व गेले. त्याच वर्षी 24 डिसेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदाची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे.

वसंतराव कोणाकडे शिकले ते पाहा. लाहोरात असद अली खाँ. पुण्यात सुरेशबाबू माने, म्हणजे अब्दुल करीम खाँ यांचे चिरंजीव, ज्यांचं जन्मनाव अब्दुल रहमान. मुंबईत अमान अली खाँ. हे भेंडीबाजार घराण्याचे. रमझानच्या खरेदीला आपण बोईसरहून गाडी पकडून ज्या भेंडीबाजारात जातो, त्याच्या नावाने शास्त्रीय गायकीचं एक अख्खं घराणं ओळखलं जातं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? अभिषेकीही अज़मत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेले. म्हणजे ‘कट्यार’मधला उस्ताद ज्यांनी घडवला, ते दोघेही प्रत्यक्षात उस्तादांचे शागीर्द होते. वसंतराव खाँसाहेब ‘वठवत’ होते त्यात ऐकीव काही नव्हतं. उस्तादाची चाल, त्याची ऐट, दाद घेताना झुकणारी मान, रागावल्यावर चढणारा आवाज, हे त्यांनी गुरूंच्या पायाशी बसून पाहिलेलं होतं.

म्हणून नाटकातला खाँसाहेब खलनायक ठरत नाही. तो हट्टी आहे, घराण्याचा अभिमानी आहे, हरून हरून कडवट झालेला आहे. पण प्रेक्षक त्याच्यावर रागावलेला असतानाच तो गाऊ लागतो आणि राग विरघळतो. एकच पद पंडितजींच्या घराण्याच्या ढंगात आणि खाँसाहेबांच्या ढंगात कसं वेगळं होतं, हेही नाटकात ऐकायला मिळतं. कोण बरोबर हे त्यातून ठरत नाही. दोन गळे, दोन वाटा.

इथे युरोपातलं एक उदाहरण आठवतं. तिकडे संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात. मोझार्टचा 1782 सालचा एक ऑपेरा तुर्की पाशाच्या महालात घडतो. ज्यांना कैद केलं त्यांना पाशा सलीम शेवटी मोठ्या मनाने सोडून देतो. नाटकातला सर्वांत उदार माणूस तोच. पण मोझार्टने त्याला एकही गाणं दिलं नाही, तो फक्त बोलतो. गाण्याच्या नाटकात ज्याला गाणं नाही, त्याच्या मनात प्रेक्षक शिरणार कसा? म्हणून तिकडचे रसिक त्या ऑपेराचं मुद्रण निवडताना दिग्दर्शकाने पाशाला कसं उभं केलंय तेही पाहतात. दारव्हेकर आणि अभिषेकींनी उलट केलं. चुका करणाऱ्या माणसाला त्यांनी गाणं भरभरून दिलं. मुसलमान पात्राला मराठी रंगभूमीने दिलेला याहून मोठा मान मला माहीत नाही.

आता चित्रपट. सुबोध भावे यांचा हा चित्रपट मेहनतीने केलेला आहे, आणि त्यामुळे हजारो तरुण या संगीताकडे वळले हे मान्य केलं पाहिजे. महेश काळे यांना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण चित्रपटाने कथेचा तोल हलवला. पंडितजी मिरजेत खाँसाहेबांचं गाणं ऐकतात आणि त्यांना विश्रामपूरला आणतात, म्हणजे पंडितजी आधीच उपकारकर्ते ठरतात. मग पंडितजींना शेंदूर खाऊ घालून त्यांचा आवाज घालवण्याचं काम खाँसाहेबांच्या बायकोच्या हातून होतं आणि ते पडद्यावर दिसतं. एवढं पाहिल्यावर मूल विचारणारच की एक चांगला आणि एक वाईट का.

दुसरा फरक गळ्याचा. पडद्यावर पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच गातात. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांसाठी मात्र राहुल देशपांडे गातात. राहुल अप्रतिम गायले आहेत. पण ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, असं झालं. किर्लोस्करांपासून चालत आलेली ‘जो बोलतो तोच गातो’ ही रीत नेमकी खाँसाहेबांपाशी तुटली. रंगमंचावर हेच राहुल देशपांडे पुनरुज्जीवित ‘कट्यार’मध्ये स्वतः खाँसाहेब होऊन उभे राहिले, आजोबांच्या जागी. तिथे चिडणारा आणि गाणारा माणूस एकच असतो. त्यामुळे त्याची चीड आणि त्याची कला वेगळी काढता येत नाही.

मग निवडायचं कसं? मी सांगतो तो क्रम असा.

पहिल्यांदा वसंतरावांच्या आवाजातली पदं ऐका. जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, आवाजात खरखर असेल, असू द्या. मुलांना चित्र न दाखवता ऐकवा आणि विचारा, हा माणूस कसा असेल?

दुसऱ्यांदा रंगमंचावरच्या प्रयोगाचं चित्रीकरण. इथे तीन गोष्टी तपासा. एक, लांबी. तासाभरात आटोपलेलं असेल तर गद्य प्रवेश कापलेले असणार, आणि खाँसाहेबांची बाजू गद्यातच जास्त आहे. दोन, संवाद स्पष्ट ऐकू येतात का? तीन, उर्दू. खाँसाहेबांच्या तोंडच्या शब्दांचा तलफ़्फ़ुज़ कसा आहे? ‘ख़’ आणि ‘ख’, ‘ग़’ आणि ‘ग’ यांतला फरक ज्या नटाने सांभाळला, त्याने त्या माणसाला मनापासून वाचलंय असं खुशाल समजा. विनोदासाठी उर्दू वाकडी केलेली असेल तर ते मुद्रण सोडून द्या.

चित्रपट तिसरा. तोपर्यंत मुलांच्या कानात खाँसाहेब बसलेले असतील, आणि बदललेलं काय ते त्यांना आपोआप कळेल.

एक शंका मला ठाऊक आहे. आपल्या काही घरांत गाणंबजावणं चालत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण ऐकायचं की नाही हे ठरवणं वेगळं, आणि हे आपल्या लोकांनी घडवलं हे माहीतच नसणं वेगळं. मी उर्दू शिकवतो आणि मराठीही शिकवतो. मुलं मनात दोन कप्पे करून येतात : उर्दू आपली, मराठी त्यांची. संगीत नाटक तर पार ‘त्यांचं’. दुसऱ्या बाजूची मुलंही असेच कप्पे घेऊन वाढतात, फक्त नावं उलटी. अमानत, अल्लादिया खाँ, थिरकवा, अमान अली खाँ ही चार नावं दोन्हीकडच्या मुलांना सांगितली तर ते कप्पे निदान सैल तरी होतात.

मोठ्या सुट्टीत वेळ असेल तर एक करून पाहा. प्रयोगाचं मुद्रण लावल्यावर खाँसाहेबांच्या पहिल्या गाण्याशी थांबवा आणि मुलांना या माणसाविषयी चार ओळी लिहायला सांगा, मराठीत किंवा उर्दूत. नाटक संपल्यावर पुन्हा चार ओळी. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांनाच वाचू द्या. आपण मध्ये काही बोलू नये.