बनावट निवडणूक निरीक्षक : सत्तेच्या सोयीचे साक्षीदार

एखाद्या देशातील निवडणूक मुक्त व निःपक्षपाती झाली की नाही, हे पाहण्यासाठी परदेशांतून येणाऱ्या प्रतिनिधींना आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक म्हणतात. भारतात निवडणूक आयोग नेमतो ते निरीक्षक शासकीय अधिकारी असतात आणि विशिष्ट परिस्थितीत त्यांना मतमोजणी थांबविण्याचाही अधिकार असतो. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला असा कोणताच अधिकार नाही. पाहणे आणि अहवाल देणे, एवढेच त्याचे काम. त्याच्या शब्दाला वजन येते ते केवळ त्याच्या विश्वासार्हतेमुळे. अधिकारशाही राजवटी नेमकी तीच उसनी घेऊ पाहतात.

खरे निरीक्षण कसे असते?

ऑक्टोबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा प्रसृत झाला. त्यानुसार निरीक्षण केवळ मतदानाच्या दिवसापुरते नसते. मतदारयादी, उमेदवारांची नोंदणी, प्रचार, माध्यमांची वागणूक, मतमोजणी आणि तक्रारींचा निपटारा हे सारे त्यात येते. निधी कोठून आला, हे उघड असावे लागते. ज्या सरकारची निवडणूक पाहायची, त्याचेच पैसे घेणे हितसंबंधांचा संघर्ष ठरतो.

बनावट निरीक्षणात हा क्रम उलटा असतो. पाहुणे मतदानाच्या तोंडावर येतात, यजमान दाखवतील ती केंद्रे पाहतात आणि मोजणी पुरी होण्याआधीच सरकारी वाहिनीवर समाधान व्यक्त करून परततात.

क्रिमिया आणि रशिया

१६ मार्च २०१४ रोजी रशियन सैन्याच्या ताब्यातील क्रिमियात सार्वमत घेण्यात आले. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेने त्याचे निरीक्षण केले नाही. तेथे दिसले ते मुख्यतः युरोपातील अतिउजव्या व रशियाधार्जिण्या पक्षांचे निमंत्रित. सुमारे ९७ टक्के मते रशियात विलीन होण्याच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले आणि निमंत्रितांनी मतदान नियमानुसार झाल्याची ग्वाही दिली. २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हे सार्वमत अवैध ठरविणारा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ५८ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता.

पुढे रशियाने २०२१ च्या संसदीय निवडणुकीत याच संघटनेच्या निरीक्षकांची संख्या ६० वर मर्यादित केली. इतक्या विस्तीर्ण देशात एवढ्या मनुष्यबळावर विश्वासार्ह काम होणार नाही, म्हणून संघटनेने पथक पाठविले नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिला निमंत्रणच नव्हते. अन्य देशांतून बोलावलेले परदेशी पाहुणे मात्र शेकड्यांनी होते.

नामांकित संस्थाही अपवाद नाहीत

९ ऑक्टोबर २०१३ रोजी अझरबैजानमध्ये इल्हाम अलीयेव सुमारे ८५ टक्के मतांनी तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाइल अ‍ॅपवर त्यांच्या विजयाचे आकडे झळकले होते. ती चाचणी होती, असा खुलासा नंतर करण्यात आला. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी पाहिलेल्यांपैकी ५८ टक्के केंद्रांवर मतमोजणी वाईट किंवा अत्यंत वाईट ठरली. त्याच निवडणुकीला युरोप परिषदेच्या संसदीय सभेचे व युरोपीय संसदेचे शिष्टमंडळ मात्र मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक म्हणून गेले. २०१८ मध्ये युरोप परिषदेच्या स्वतंत्र चौकशी समितीने, संसदीय सभेच्या काही आजी-माजी सदस्यांनी अझरबैजानच्या हितासाठी भ्रष्ट व्यवहार केल्याचा दाट संशय नोंदविला.

हेतू काय?

अशा प्रशस्तिपत्राने जगाची खात्री पटत नाही, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक असते. त्यांना हवा असतो दुसरा अहवाल. तो हाती आला, की पुराव्यांनिशी मांडलेले आक्षेप दोन मतांपैकी केवळ एक मत ठरतात आणि देशातील विरोधकांना ‘परदेशी पाहुणेसुद्धा समाधानी आहेत’ असे सुनावता येते.

म्हणून ‘निरीक्षकांनी निवडणूक योग्य ठरविली’ अशी बातमी आली, तर वाचकाने काही प्रश्न विचारावेत. निरीक्षक कोणत्या संस्थेचे? खर्च कोणी केला? ते किती दिवस राहिले? केंद्रे कोणी निवडली? मतमोजणी त्यांनी पाहिली का? सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला का? जेथे न्यायालय, वृत्तपत्रे आणि निवडणूक यंत्रणा आधीच सत्तेच्या मुठीत गेलेली असतात, तेथे फसविल्या गेलेल्या मतदाराला बाहेरचा साक्षीदार हाच अखेरचा आधार उरतो. बनावट निरीक्षक त्याच्याकडून तोही हिरावून घेतो.