बर्फाखालची रेल्वे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत सिएरा नेवाडा नांवाची पर्वतरांग आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग तिला अडतात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जसा पाऊस कोसळतो, तसें तेथें हिंवाळ्यांत हिम कोसळतें. एका मोसमांत तीस-चाळीस फूट हिम पडणें हें तेथें नवल नाहीं.

ही रांग ओलांडण्यासाठीं सेंट्रल पॅसिफिक कंपनीनें १८६३ सालीं सॅक्रामेंटोहून लोहमार्गास आरंभ केला. मार्गाची पाहणी करणारा इंजिनिअर थिओडोर जूडा याच्या मतें इंजिनापुढें लावलेले नांगर हिम दूर करण्यास पुरे होते. जूडा त्याच वर्षीं वारला. आपला अंदाज कितपत खरा ठरतो हें पाहण्यास तो राहिला नाहीं.

१८६६-६७ च्या एका हिंवाळ्यांत ४४ वादळें झालीं. सुमारें ७,००० फूट उंचीवरील खिंडीपाशीं १,६५९ फूट लांबीचा बोगदा खणण्याचें काम तेव्हां चालूं होतें. खणणारे बहुतेक चिनी मजूर. त्यांचीं खोपटें हिमाखालीं बुडालीं; तेव्हां धुरासाठीं व हवेसाठीं वर झरोके ठेवून, हिमांतच भुयारें कोरून ते कामावर ये-जा करूं लागले. हिमकडे कोसळून माणसें गाडलीं गेलीं. कांहींचीं प्रेतें उन्हाळ्याच्या तोंडीं हिम वितळल्यावर सांपडलीं.

पुढें नांगरामागें अनेक इंजिनें जोडूनही मार्ग मोकळा राहीना. गाड्याच चालल्या नाहींत तर रेल्वे बांधून उपयोग काय? अखेर चालकांनीं ठरविलें कीं, हिम उपसण्यापेक्षां मार्गावर छप्परच घालावें. हा खर्च छातींत धडकी भरविणारा होता. १८६७ च्या उन्हाळ्यांत प्रयोगादाखल थोडीं छपरें उभारण्यांत आलीं आणि १८६९ च्या शरदापर्यंत आर्थर ब्राउन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं हें काम पुरें झालें. यासाठीं अडीच हजार माणसें खपत होतीं व सामान वांटीत सहा गाड्या फिरत होत्या. करवतीच्या गिरण्यांचें लांकूड पुरेना, म्हणून झाडांचे ओंडकेही वापरले. जेथें हिम नुसतें वरून पडे, तेथें दोन्ही बाजूंस तीव्र उताराचें छप्पर केलें. जेथें हिमकडे घसरून येत, तेथें छपराचा उतार डोंगराच्या उताराशीं असा जुळविला कीं, कोसळणारा कडा गाडीच्या डोक्यावरून निसटून दरींत जावा. सगळ्यांत चतुर युक्ति हीच म्हटली पाहिजे. छपरांची एकूण लांबी सुमारें ३७ मैल भरली, खर्च वीस लक्ष डॉलरांवर गेला.

बोल्ट व खिळे ९०० टन लागले, हें आज सांगतां येतें. मेलेल्या मजुरांची संख्या मात्र कोणास सांगतां येत नाहीं. पगारपत्रकांत बहुधा टोळीच्या मुकादमाचें नांव असे, इतरांचें नसे.

छपरानें हिम अडविलें, पण नवा शत्रु घरांत घेतला. इंजिनांच्या ठिणग्यांनीं वाळलेलें लांकूड पेटे. मग पाण्याच्या टाक्या लावलेल्या गाड्या, वाफ तयार ठेवून, अहोरात्र सज्ज ठेवाव्या लागल्या. रेड माउंटन या शिखरावर पहारा बसला. उतारूंची तक्रार निराळीच होती. जी वनश्री पाहण्यास ते येत, ती सोडून त्यांना मैलोगणती धूर व अंधार मिळे. नोकरवर्ग याला धान्याच्या कोठारांतली रेल्वे म्हणे.

विसाव्या शतकांत हिम उडविणारे फिरते नांगर सुधारले, तसतशीं लांकडी छपरें कमी होत गेलीं. जानेवारी १९५२ मध्यें ‘सिटी ऑफ सॅन फ्रॅन्सिस्को’ ही गाडी युबा खिंडीजवळ उघड्यावर रुतली. आंत २२६ माणसें होतीं. तिसऱ्या दिवशीं त्यांची सुटका झाली. गाडी मात्र बर्फांतच उभी होती.

खिंडींतला तो जुना बोगदा १९९३ मध्यें रहदारीस बंद झाला व रूळ काढून नेले. गाड्या आतां जवळच्याच, १९२५ मध्यें झालेल्या दुसऱ्या लांब बोगद्यांतून जातात. जुन्या वाटेवर पुढील काळांत बांधलेलीं काँक्रीटचीं छपरें मात्र अद्याप उभीं आहेत.