वाशीम परिसरातील बंजारा भरतकाम : फावल्या वेळेचा इतिहास

वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासासाठी जमाबंदीची दप्तरे, जनगणनेचे अहवाल, गॅझेटियरे व कापसाच्या व्यापाराचे कागद यांचा आजवर पुष्कळ उपयोग झाला आहे. स्त्रियांनी कापडावर घातलेल्या टाक्यांचा मात्र साधन म्हणून विचार क्वचितच झाला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात अशा विचारास चांगले क्षेत्र आहे. त्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असून संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. आसपासच्या तांड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या पेट्यांतून जुन्या कांचळ्या व फेटिये आढळतात. हे भरतकाम म्हणजे केवळ भटक्या जीवनाचा अवशेष, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. तांड्यातील स्त्रीजवळ स्वतःचा असा वेळ किती होता आणि त्याचा विनियोग तिने कसा केला, याचा तो पुरावा आहे.

प्रथम ‘छंद’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात भरतकामास हा अर्थ मुख्यत्वे मुलींच्या शाळांतून प्राप्त झाला. शिवण, विणकाम व भरतकाम हे विषय शिक्षणक्रमात आले. १९०९ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी ते गरजू स्त्रियांच्या चरितार्थाचे साधनही बनविले. अशा रीतीने भरतकामाचे दोन वर्ग पडले : पोटासाठी केलेले आणि हौसेसाठी केलेले. तांड्यातील भरतकाम या दोहोंत नीट बसत नाही. ते विक्रीसाठी नव्हते. पण सर्वस्वी ऐच्छिकही नव्हते. विवाहाचा पोशाख वधूने व तिच्या घरच्या स्त्रियांनी सिद्ध करावा, अशी रीत होती. तथापि रीतीने वस्त्र ठरवून दिले, त्यावरील श्रम ठरवून दिले नाहीत. अंग झाकण्यास वा ओझे वाहण्यास जेवढी शिवण लागते तिच्या कितीतरी पट टाके या वस्त्रांवर दिसतात. हे अधिकचे टाके म्हणजेच छंदाचा भाग होय.

या वस्त्रांचे स्वरूप थोडक्यात असे. फेटिया म्हणजे मोठ्या घेराचा घागरा. कांचळी म्हणजे पाठ उघडी ठेवून बंदांनी बांधावयाची चोळी. कांचळीच्या पुढील भागावर व बाह्यांवर आरशांचे तुकडे काजासारख्या टाक्याने जखडलेले असतात. ओढणीचा कपाळावर येणारा काठ विशेष भरगच्च असतो. घागरीखालील चुंबळ कवड्यांनी मढविलेली असे आणि तिच्याबरोबर डोक्यामागे चौकोनी भरलेला पट्टा रुळत असे. याखेरीज पैसे, पानसुपारी इत्यादींसाठी पिशव्या होत्या. आकृत्या बहुधा भौमितिक : चौकोन, त्रिकोण, तिरक्या रेघांची जाळी. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांची गणना करून टाका घातल्यास अशाच आकृत्या सहज निघतात. त्यासाठी छापील नमुन्याची गरज नसते. आईचा हात पाहून मुलगी शिकत असे, व गणना तिच्या डोक्यात राही.

बंजारा समाजाचे मूळ जीवन बैलांच्या तांड्यांचे. धान्य व मीठ यांची वाहतूक हा त्यांचा व्यवसाय, आणि सैन्यांना रसद पुरविण्याचे काम त्यांच्याकडे असे. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत, जिची एक निर्णायक लढाई वऱ्हाडातच आडगाव येथे २९ नोव्हेंबर रोजी झाली, आर्थर वेलस्लीच्या सैन्याची भिस्त बऱ्याच अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. पावसाळ्यात हे तांडे चराऊ रानाजवळ मुक्काम करीत. वाहतूक थांबली तरी स्वयंपाक, पाणी व जनावरांची निगा ही स्त्रियांची कामे थांबत नसत. परंतु दररोजची मजल थांबे. सुई, धागा व हातभर कापड एवढे साहित्य कोठेही नेता येत असल्याने हे काम मध्येच टाकून पुन्हा हाती घेणे शक्य होते. भरतकाम टिकले त्याचे एक कारण हे असावे.

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि बैलांच्या वाहतुकीचा पाया ढासळला. तांडे हळूहळू स्थिर होऊन शेती व मजुरीकडे वळले. याच काळात या वस्त्रांचे लिखित उल्लेख मिळू लागतात. परंतु ते कोणी लिहिले हे लक्षात ठेविले पाहिजे. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरील आरंभीचा एक विस्तृत निबंध वऱ्हाड पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याचा असून तो १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झाला. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातील बंजाऱ्यांवरील प्रकरण मोठ्या प्रमाणात त्यावरच आधारलेले आहे. भरलेली चोळी, कवड्या, मणी, सुताचे गोंडे यांची नोंद अशा लेखनात सापडते. ती करणारीचा विचार सापडत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या त्या युगात पोशाख ही प्रामुख्याने ओळखीची खूण होती. ज्या वस्त्रात एका स्त्रीच्या आवडीची निवड होती, ते कागदावर साऱ्या जमातीचे वर्णन झाले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वर्णनाची ही पद्धत मात्र नंतरच्या लेखनातही उतरली.

वस्त्रे स्वतः काय सांगतात? येथे साहित्याची परीक्षा उपयोगी पडते. आरसे, कवड्या, रंगीत सूत यांपैकी काहीही तांड्यात तयार होत नसे. ते बाजारातून येई. कवडी चलनातून गेल्यावरही कापडावर राहिली. कांचळीवर शिवलेल्या नाण्यावर वर्ष असते, आणि त्यावरून ते वस्त्र त्या वर्षापूर्वीचे नाही एवढे सांगता येते. मात्र झिजलेल्या कांचळीवरील नाणी काढून नव्या कांचळीवर लावता येतात. म्हणून जुने नाणे हा जुन्या वस्त्राचा पुरावा नव्हे. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ चा. तेव्हा गिरणीच्या कापडावर कृत्रिम रंगाच्या सुताने भरलेली वस्त्रे निश्चितच त्यानंतरची होत. अशी वस्त्रे पुष्कळ आहेत. यावरून, तांडे स्थिर झाल्यावरही भरतकाम मागे न पडता नव्या साहित्यानिशी चालू राहिले, असे अनुमान निघते. केवळ अवशेष असता तर ते असे नवे साहित्य स्वीकारते ना.

मग ते ओसरले कशाने? साडी रूढ झाली हे एक कारण खरे. पण पोशाख बदलला तरी भरण्यासाठी पिशवी, उशीचा अभ्रा, तोरण उरतेच. दुसरे कारण वेळेचे आहे. कापूस वेचणी, रोजमजुरी, आणि अनेक कुटुंबांच्या बाबतीत ऊसतोडणीसाठी महिनोन्महिने होणारे स्थलांतर, यांत फावला वेळ संपला. तांड्याबरोबरची जुनी भटकंती व आजचे हे स्थलांतर यांतील भेद येथे स्पष्ट होतो : पहिल्यात मुक्काम होता, दुसऱ्यात उचल फेडण्याची घाई आहे.

कर्नाटकातील संडूर येथे याच समाजाच्या भरतकामास दुसरी दिशा मिळाली. तेथील लंबाणी भरतकामास २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि जुलै २०२३ मध्ये हंपी येथे साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी भरलेल्या १,७५५ तुकड्यांचे प्रदर्शन मांडण्यात आले. त्यातून स्त्रियांना उत्पन्न मिळते, ही गोष्ट लहान नाही. परंतु मागणीप्रमाणे भरलेला टाका आणि स्वतःच्या कांचळीवर घातलेला टाका यांचा इतिहास एक नव्हे.

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वस्त्रे जपण्यास अशी जागा मिळणे हे इष्टच आहे. तथापि कपाटातील कांचळीजवळ ती कोणत्या तांड्यातील, कोणी व कोणत्या वयात भरली, किती पावसाळे लागले, टाक्यास गोरमाटी बोलीत काय म्हणत, ही नोंद नसेल तर कंबरलेजच्या काळचीच चूक पुन्हा होईल. ही माहिती ज्यांच्याजवळ आहे त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. वस्त्राची नोंद नंतरही करता येईल. त्यांच्या कथनाची मात्र त्यांच्या हयातीतच केली पाहिजे.